एका डबीतलं काजळ

बाय माझे,

तुझं वर्षश्राद्ध आलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिते म्हणून हसू नको.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी थांबवलंय. घाटकोपरला तुझं केलं त्याच त्या. ऑपरेशननंतर डोळा का सडतो, याचा त्या अभ्यास करतात. आधी प्रत्येकाच्या डोळ्यातलं पाणी कापसाच्या काडीवर घेतात नि काचेच्या बशीत जंतू वाढवतात.

माझी बशी बघून त्यांनी तुझं नाव घेतलं. "मावशी, या तुमच्या कोण?"

"धाकटी बहीण. का?"

"त्यांच्या डोळ्यातून डोक्यात गेले, तेच जंतू तुमच्याकडे आहेत. बाकी कुणातच सापडले नाहीत. डोळ्यात काय घालता?"

काय घालणार? आईनं पाडलेलं काजळ. दोघींची एकच डबी, अजून रोज त्यातलंच बोट लावते.

बशीत पिवळे ठिपके होते. विचारलं, "जिवंत आहेत?"

"हो, वाढतायत."

बशीकडे बघत तिथंच तोंडातून गेलं, "बरी आहेस ना गं?"

डबी फेकायला सांगितलीय. औषधाचे थेंब दिलेत. त्या थेंबांनी सगळं मरेल, मगच ऑपरेशन. ह्यांची गिरणी संपात बसली, घर माझ्या शिलाई मशीनवर चालतं, नि मला सुईचं नाक दिसत नाही. तरी बाटली अजून फोडली नाही.

सकाळी डोळे चिकटलेले असतात. लहानपणी तू मागून येऊन झाकायचीस नि विचारायचीस, "कोण?" नाव सांगितलं की लगेच हात सोडायचीस.

म्हणून हल्ली मी तुझं नाव घेत नाही.

तुझी ताई