अक्षदाच्या जंतूचे केस उतरवल्यावर तो पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
क्षयजंतू संशोधन केंद्र, पुणे

अर्जदार: इंद्रायणी सोमाजी गवारी, अंगणवाडी सेविका, रा. आहुपे, ता. आंबेगाव

विषय: कै. अक्षदा सोमाजी गवारी हिच्या थुंकीतून मिळालेल्या क्षयजंतूच्या अंगावरचे केसासारखे तंतू नाहीसे केल्यावर तो पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: अर्जदारास प्रवेशबंदी करणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदाराची धाकटी बहीण अक्षदा ओतूरच्या कॉलेजात शिकत असता तिला खोकला जडला. तपासणीत तो नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय निघाला. तिने एकही गोळी चुकवली नाही. गोळीमागून ओकारी आली की तोंड दाबून भिंतीशी बसे. तरीही गेल्या वर्षी भाताच्या आवणीत, रोपे लावण्याच्या दिवसांत, ती वारली. मयतीला आलेल्यांतच कोणीतरी कुजबुजले, “गोळ्या टाकून देत असंल.” ते अर्जदाराने ऐकले व तेव्हापासून दोषी कोण, याचा शोध सुरू केला. डॉक्टरांनी हयगय केली नव्हती. औषध देणारी आशाताई भर पावसात चिखल तुडवत दारी येत होती. सूड घ्यावा असा एकही माणूस अर्जदारास सापडला नाही.

अशात आपल्या केंद्रातील संशोधक रत्ना मॅडम यांचा फोन आला. अक्षदाने आजारपणात स्वतः सही करून संशोधनासाठी थुंकीचा नमुना दिला होता व त्यातला जंतू आपल्या शीतपेटीत जिवंत आहे, असे त्यांनी कळवले. हे ऐकून आई बयाबाई ओरडली, “माझी पोर राखंत गेली, आन् त्यो मेला जित्ता ठिवलाय? कशापायी?” याचे उत्तर घेण्यासाठी दोघी एसटीने पुण्यास आलो.

मॅडमनी संगणकावर फार मोठा केलेला फोटो दाखवला. काडीसारखा जंतू व त्याच्या अंगावर बारीक लव. त्या म्हणाल्या, “ताई, या केसांनी तो फुप्फुसाला पकडतो. मग सगळे एकमेकांत गुंततात, थर धरतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही.”

अर्जदारास प्रथमच गुन्हेगाराचे तोंड दिसले. अर्जदाराने पायातली चप्पल काढून पडद्यावर मारली, हे आपल्या पत्रातील म्हणणे खरे आहे. पडद्याला तडा गेल्याबद्दल दिलगिरी. मारल्याबद्दल नाही.

हा जंतू वाफेच्या भट्टीत घालून मारावा, अशी मागणी अर्जदाराने त्याच वेळी केली होती. अक्षदाच्या संमतीविरुद्ध तो नष्ट करता येणार नाही, असे आपण सांगितले. निघताना मात्र रत्ना मॅडम फाटकापर्यंत आल्या. ज्या जनुकामुळे हे केस येतात तेच काढून टाकायचे व बिनकेसाच्या जंतूची पकड किती सुटते ते पाहायचे, असे काम त्या करत असल्याचे समजले. “मंग मरंल का त्यो?” आईने विचारले. “मरणार नाही, मावशी. पण चिकटणं अवघड जाईल, असं वाटतंय.”

आई आजही म्हणते, “मारायलाच सांग.” अर्जदाराने पुष्कळ विचार केला. अक्षदा शेवटी श्वासासाठी उशीवर मान घासत होती, तेव्हा याने तिला सोडले नाही. त्याला एका झटक्यात मोकळे का करावे?

सबब अर्जदार भट्टीची मागणी मागे घेत आहे. त्यास जिवंतच ठेवावे. त्याचे केस मुळापासून नाहीसे करावेत. मग त्यास फुप्फुसाच्या पेशींवर सोडावे व तो धरू पाहील, घसरेल, पुन्हा धरू पाहील, ते काचेबाहेर उभे राहून पडद्यावर पाहण्याची अर्जदारास परवानगी द्यावी. अर्जदार काही बोलणार नाही. आपल्याला सोयीची कोणतीही तारीख चालेल. केस उतरवूनही तो चिकटलाच, तर दुसरा उपाय होईपर्यंत अर्जदार पुन्हा पुन्हा अर्ज करील.

नम्रतेने, परंतु क्षमा न करता,

(सही)
इंद्रायणी सोमाजी गवारी
आहुपे, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत: अक्षदाच्या मृत्यूदाखल्याची प्रत