तुमच्या पैशांचा सोनेरी मायक्रोफोन

बोहोल,
सान रोकेच्या जत्रेला तीन आठवडे

तीर्थरूप थोरले बंधू मनोय तेरेन्स्यो यांस,

आशीर्वादासाठी तुमचा हात इथूनच कपाळाला लावतो. तिकडे कॅनडात बर्फ वितळला असेल आणि वहिनींचा गुडघा जिन्याला घाबरेनासा झाला असेल, अशी आशा आहे. इकडे मी, तुमची भावजय विसेन्ता आणि डुक्कर तिघेही खाऊनपिऊन सुखी आहोत (डुक्कर जत्रेपर्यंत). दोन वर्षांपूर्वी तुम्ही करून दिलेली कवळी अजून छान चमकते. फोटोत मी दहा वर्षांनी लहान दिसतो, असं वहिनी म्हणाल्या होत्या, त्यांचे आभार.

मायक्रोफोनसाठी पाठवलेले पैसे पोचले. गेल्या दोन जत्रांचे व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलं होतं, की पेरिंग, तू बोलायला लागलास की टकटक का वाजते, आणि मायक्रोफोन म्हातारा झाला असं मी कळवलं होतं. बावीस वर्षं जत्रेचं निवेदन करणाऱ्या माणसाला एवढं कळतंच. पण कॅप्टन बोनिंगने (गावाने त्याला तिसऱ्यांदा गावप्रमुख म्हणून निवडून दिलं, गावाचं डोकं ठिकाणावर नाही) त्या पैशांतून आधी तुमचे आभार मानणारा फलक छापला. त्यावर कॅप्टनचा चेहरा दाराएवढा आणि तुमचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही डोळे मिटलेला. उरलेल्या पैशांत ‘परवडणारा’ मायक्रोफोन घ्यायचं ठरलं.

शहरातल्या दुकानदाराने तीन नग परतीच्या बोलीवर दिले. पहिला काळा, साधा, वायरचा, हातात जड. दुकानदार म्हणाला, गाणं असो की भाषण, हा तोंडासमोरचा आवाज घेतो, इकडचातिकडचा घेत नाही; फक्त जाळीवर मूठ आवळू नका. दुसरा बिनतारी, बोलताना रंगीत दिवे लागणारा. तिसरा सोनेरी आणि सगळ्यांत स्वस्त. शहाण्या माणसांनी मैदानात उभं राहून चार वाक्यं बोलून पाहिली असती. आपल्या सात जणांच्या समितीने तिन्ही मनांग कोन्सिंगबाईंच्या दुकानातल्या गाण्याच्या कराओके मशीनला जोडले, आणि ज्याला मशीन जास्त गुण देईल तो घ्यायचा असा ठराव केला. (तुम्हाला मागच्या खेपेला सत्त्याण्णव गुण दिले तेच हे मशीन. त्यावरून काय ते समजा.) काळ्याला एकाहत्तर मिळाले. दिवेवाल्याची बॅटरी दुसऱ्या कडव्यातच संपली. सोनेरी कॅप्टनच्या हातात होता, पण गाणं अर्धवट टाकून तो बियर ओतून घ्यायला गेला. मायक्रोफोन टेबलावर नुसता पडून होता, शेजारच्या कोंबड्याने बांग दिली आणि पडद्यावर नव्याण्णव आले. टाळ्या झाल्या. मतं घेतली, चार विरुद्ध तीन, सोनेरी पास. कोणी कुठे हात वर केला ते सांगून मी कुणाची अब्रू काढत नाही.

काल तालीम झाली. झुंजीच्या कोंबड्याची मान धरावी तशी कॅप्टनने सोनेरी जाळी मुठीत आवळली, आणि कर्णे असे किंचाळले की फादर चर्चमधून बाहेर आले. गावात नळ येणार हे वचन त्यामुळे कुणालाच ऐकू आलं नाही (यात कॅप्टनचा फायदाच). मग मी बोललो. टकटक नव्हती हे खरं, पण शब्दही नव्हते. गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटत होतं. त्यावर कॅप्टन सगळ्यांदेखत म्हणाला, “तियो पेरिंग, मायक्रोफोन नवा झाला, आता माणूसही नवा बघू. तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा. आमचा जेमार बोलेल.” जेमार म्हणजे त्याचा भाचा, ज्याला आपल्या गावचा संत सान रोके कोण हे मोबाइलमध्ये बघावं लागतं.

मनोय, सांगायला लाज नाही, मी घरी येऊन जेवलो नाही. वर्षभर मी मासे विकणारा पेरिंग असतो. त्या एका संध्याकाळी सगळं गाव माझ्याकडे तोंड करून बसतं. तेही गेलं तर माझ्याकडे राहिलं काय? तेव्हा देणगीदार म्हणून कॅप्टनला चांगलं खडसावून लिहा. वाईट मायक्रोफोन त्याने निवडला, शिक्षा मला का?

तुमचा आज्ञेतला,
पेरिंग

ता. क. चार मतांतलं चौथं माझं होतं. काळ्यात मी हळूच बोलून पाहिलं होतं. टकटक जुन्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आली. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण मी सोनेरीला हात वर केला.

आणखी ता. क. आज सकाळी विसेन्ताने जुना मायक्रोफोन काढून त्यात सान रोकेचं भजन म्हटलं. एकही टक नाही. मग माझ्या हातात दिला. टक. ती म्हणाली, “पेरिंग, आता दात काढून ठेव आणि बोल.” बोललो. टकटक गेली. तेव्हा कॅप्टनला काहीही लिहू नका. तिकडे कवळी घट्ट बसवायची पेस्ट मिळते, तिच्या दोन नळ्या पाठवा. नेहमीच्या भेटवस्तूंच्या पेटीतून नको, बोटीने पेटी यायला दोन महिने लागतात; विमानाने पाठवा.

शेवटचं. विसेन्ता म्हणते, गावाला हे दोन वर्षांपासून माहीत आहे. मी विचारलं, मग एकानेही तोंड का उघडलं नाही? म्हणाली, “मायक्रोफोन तुझ्याकडे होता ना.”