घडीच्या खुर्चीची परवानगी

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. (आधी सवयीने 'चि.' लिहिलं होतं. पण अकरा वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही त्याला आशीर्वाद द्यायचा अधिकार आपल्याला उरतो का, याची खात्री वाटेना, म्हणून कागद बदलला.) तुझी पाठ कशी आहे? तुझ्या ताईकडून कळलं की लहान विमानाच्या खुर्चीपायी तुला मणक्याचं दुखणं लागलंय. शेक घेत जा, आणि वाकताना गुडघ्यातून वाकत जा. सौ. बऱ्या आहेत ना? तुमची चिमी आता पाचवीत गेली असेल. तिची उंची विचारणार होतो, पण तिच्याबद्दल काहीही विचारायला मला तोंड नाही. ते का, ते पुढे येईलच. इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. तुझी ताई खुशाल आहे. माझं काही खरं नाही.

आमच्या थोरल्या कंपनीने चार इंजिनांची सगळी विमानं मोडीत काढली, हे तुला कळलं असेलच. तुमच्या धाकट्या कंपनीच्या खोलीत त्या दिवशी टाळ्या वाजल्या असं ऐकलं. आम्हाला कळलं ते नोटीस बोर्डावरून. 'काळी छत्री सापडली आहे' आणि 'फ्रिजमधले डबे शुक्रवारी फेकून देण्यात येतील' या दोन सूचनांच्या मधे सहा ओळींचा कागद होता. तेवीस वर्षं मी ते विमान चालवलं आणि सहा ओळींत आवरलं. कारण काय, तर दोन इंजिनांत जे काम होतं त्याला चार कशाला. (हाच न्याय घरी लावला तर आपल्याकडेही एक माणूस जास्तीचं आहे, असं तुझी ताई म्हणाली. गमतीने म्हणाली. बहुतेक.) आता आम्हा एकेचाळीस कॅप्टनांपुढे दोनच वाटा आहेत. एक तर घरी बसा, नाहीतर तुमच्याकडे येऊन पंख्याच्या विमानात उजव्या खुर्चीवर, को-पायलट म्हणून बसा. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, अजून आठ वर्षं उडता येतं, आणि घरी बसून काय करायचं हे मला खरोखर माहीत नाही. मागच्या आठवड्यात हौसेने स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन वर आल्या. मला विमान चालवण्याखेरीज काहीही येत नाही रे. हे सत्तावन्नाव्या वर्षी कळावं, यासारखं दुर्दैव नाही.

तुमची बाजू मला पटते. (गेल्या पंधरवड्यापासून पटते.) तुमची मुलं दहा-दहा वर्षं डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीची वाट बघत बसलेली, आणि तिकडून आम्ही पांढऱ्या केसांचे एकेचाळीस जण येऊन जुन्या नोकरीच्या जोरावर रांगेत पुढे घुसणार, तर कुणाचं डोकं फिरणार नाही? आमच्या लोकांचं म्हणणं, तीस वर्षांच्या नोकरीनंतर कालच्या पोरांच्या हाताखाली बसायचं म्हणजे काय! दोन्ही युनियनची एकत्र सभा झाली, तेव्हा पहिल्या रांगेत कुणी बसायचं यावरच दीड तास गेला आणि मग हॉलची वेळ संपली. 'पंखेवाले' हे नाव तुम्हाला मीच ठेवलं होतं, याची त्या सभेत तिघांनी मला आठवण करून दिली. आणि आमच्या क्रू रूममधला तो तपकिरी सोफा तुला आठवतो? 'हा सोफा फक्त मुख्य कंपनीच्या वैमानिकांसाठी आहे' ही पाटी त्याच्यावर लागली, ती माझ्या सहीची. लॅमिनेटही मीच करून आणली होती, टिकावी म्हणून. टिकली. परवा त्याच सोफ्यावर बूट सैल करून बसलो होतो, तर आमच्यातलाच एक चाळिशीचा कॅप्टन (दोन इंजिनांचा, म्हणून सुरक्षित) जवळ आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तुमचं नाव आता धाकट्या कंपनीच्या यादीत आहे." नुसतं बोलून थांबला नाही, पाटीवर बोटही ठेवलं. मी माझी सही वाचली आणि उठलो. बुटाची नाडी बाहेर पॅसेजमध्ये उभ्याने बांधली.

शेवटचं विमान भंगाराच्या मैदानावर नेऊन सोडायचं काम माझ्याकडे आलं. तेवीस वर्षांचा शेवट म्हणून मी प्रवाशांसाठी चार वाक्यांचं भाषण पाठ केलं होतं. विमान मोडायला नेताना आत प्रवासी नसतात, हे माझ्या भाषण अर्धं झाल्यावर ध्यानात आलं. तरी पुरं केलं. तीनशे ऐंशी रिकाम्या खुर्च्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझा को-पायलट खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं रडतोय, पण तो मैदानावरची विमानं मोजत होता. उतरल्यावर तिथला मुकादम सायकलवरून आला. त्याने खडूने विमानाच्या पुढच्या चाकावर मोठा सात काढला आणि मला विचारलं, "चावी?" विमानाला चावी नसते, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. शेवटी त्याने पावती फाडून दिली, तिच्यावर 'विमान एक, चावीविना' असं लिहिलंय. पावती माझ्या पाकिटात आहे. मी चाकाला एकदा हात लावला आणि मागे न बघता निघालो, म्हणजे निघायचं ठरवलं होतं. तीनदा मागे बघितलं.

परतायला एकच विमान होतं. तुमचं. पंख्याचं, आणि भरलेलं. को-पायलटला शेवटची रांग मिळाली, माझ्यासाठी राहिली ती कॉकपिटमधली, वैमानिकांच्या मागची घडीची खुर्ची. आपली रीत तुला मी काय सांगणार! टोपी काढायची, कॉकपिटच्या दारात उभं राहायचं आणि कॅप्टनला विचारायचं, "येऊ का?" कारण सांगायचं नसतं, कॅप्टनने विचारायचं नसतं. तेवीस वर्षं मी आत बसलेला असायचो. दारात उभा पहिल्यांदाच राहिलो, आणि तुमचं दार बुटकं, त्यामुळे वाकून. कॅप्टन आमच्या थोरल्या मुलीच्या वयाची. तिने मान वर करून बघितलं, हसली, म्हणाली, "या ना सर, बसा." खुर्ची उघडली. माझे गुडघे कानाशी आले. टोपी कुठे ठेवावी म्हणून बघत होतो, तर तिची मांडीवर, तिच्या को-पायलटचीही मांडीवर. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, आमच्या प्रशिक्षकांनी लावलेली सवय आहे. एकदा ते घाईने घरी निघालेले असताना एका मोठ्या विमानाच्या दारात उभे राहिले. आतली घडीची खुर्ची रिकामी होती, नुसती कॅप्टनची टोपी होती तिच्यावर. कॅप्टन म्हणाला, जागा नाही. सर चौदा तास बसने गेले. पोचले तोवर मुलीचा जन्म होऊन आठ तास झाले होते. "म्हणून आम्ही टोपी कधी त्या खुर्चीवर ठेवत नाही. पहिल्याच दिवशी सांगतात ते सगळ्यांना. त्या कॅप्टनचं नाव मात्र सांगत नाहीत." मग तिने मागे वळून मला विचारलं, "तुम्ही त्याच कंपनीतले. तुम्हाला माहीत असेल ना, कोण होता तो?"

मी म्हणालो, "असेल कोणीतरी. रिटायर झाला असेल."

पुढची पन्नास मिनिटं मी टोपी मांडीवर धरून बसलो होतो. अकरा वर्षांपूर्वी तू माझ्या दारात उभा होतास त्या दिवशी आपल्या दोन युनियनचं भांडण पेटलेलं होतं, माझा को-पायलट बघत होता, आणि पंखेवाल्याला, त्यातून सख्ख्या मेहुण्याला बसवून घेतलं तर आमची माणसं काय म्हणतील एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू कारण सांगितलं नाहीस. रीतीप्रमाणे टोपी काढून विचारलंस, आणि 'बरं' म्हणून गेलास. घरी पोचल्यावर ताईने सांगितलं की तुला मुलगी झाली. तेव्हापासून तुझ्यावर रागावता येईल असं काहीतरी शोधत होतो. अकरा वर्षांत सापडलं नाही. माझं चुकलं. आणि तू माझं नाव कुणाला सांगितलं नाहीस, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

बाकी काय लिहू? सौ.ना नमस्कार, चिमीला अनेक आशीर्वाद (चालतील ना?). लोभ असावा असं म्हणायची हिंमत नाही. राग जमेल तसा कमी करावा.

तुझे,
भावजी (चावीविना)

ता.क. : मूळ मुद्दा राहिलाच. उजव्या खुर्चीवर बसण्याआधी मला तुमच्या एका प्रशिक्षकाच्या हाताखाली महिनाभर उडावं लागतं, आणि आमच्यापैकी कुणालाही 'नाही' म्हणायचा अधिकार तुमच्या प्रशिक्षकांना आहे. (हे कलम तुमच्या युनियनने मागितलं तेव्हा आमच्या बाजूने मी सही केली होती. हसत केली होती. आमच्यातलं कोण जाणार आहे तिकडे, असं वाटलं होतं.) तुमचे प्रशिक्षक आठ. सातजण 'नाही' म्हणाले. आठवा तू. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

ता.क. २ : वरचं सगळं वाचून काढलं. सहा पानं भरून मी कारणं दिली आहेत. तू त्या दिवशी एकही दिलं नव्हतंस. तेव्हा ही पानं फाडून टाकलीस तरी चालेल, विचारायचं आहे ते दोनच शब्दांचं आहे आणि तुला पाठ आहे.

ता.क. ३ (वेगळ्या चिठोऱ्यावर, दाराखालून सरकवतोय) : पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. तुझ्या त्या कॅप्टनबाईच्या हाती दिलं आहे, आणि देताना तो टोपीवाला कोण तेही सांगितलं. तिने मला बुटापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इथेच थांबा." म्हणून इथेच थांबलो आहे, तुमच्या खोलीच्या दाराबाहेर. समोरच आमच्या खोलीच्या उघड्या दारातून तो तपकिरी सोफा दिसतोय, पण त्यावर बसता येत नाही. टोपी हातात आहे.