शपथ सुटली म्हणा

दुबई,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आईंना मृणालिनीचा नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत, तुम्ही सगळे मजेत असाल, असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहून टाकलं. पत्र बघून दचकू नका. आमच्या ओळीतल्या शेवटच्या व्हिलात वीणाताई राहतात ना, त्या भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला निघाल्यात. देवरुखला वाकडी वाट करून हे तुमच्याच हातात देईन म्हणाल्या. फोनवर हे बोलता येत नाही. एक तर व्हॉट्सॲपचा कॉल इथे लागत नाही. दुसऱ्या ॲपवर लागतो, तर तुम्ही तो स्पीकरवर टाकता. मग तुमच्या बाजूला भाऊजी, जाऊबाई, समोरच्या काकू, आणि माझ्या बाजूला तुमचे चिरंजीव कान टवकारून!

मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "अगो मृणाल, दत्ता सांगत होता तू दिवसभर फवारत असतेस. अशाने किडे राहतील बाजूला, नवरा मरेल." सगळे हसले, मीही हसले. (तुमच्यासमोर मी 'हे' म्हणते, पण कागदावर दत्ताच येतंय. चालवून घ्या.)

तर आमच्या पाहुण्यांची हकीकत ऐका. आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागची भिंत संपली की पुढे नुसती रेती, नजर पोचेल तिथवर. उन्हाळ्यात किडे एसीच्या गारव्याला दाराखालून आत येतात आणि आता हवा जरा बरी झाली, खिडक्या उघडल्या, तर खिडकीतून येतात. म्हणजे बारा महिने आहेतच. मोरीतून झुरळं. फ्रिजच्या मागे एक रातकिडा, तो नेमका बातम्या लागल्या की सुरू होतो. एक काळा भुंगेरा आहे, अंगठ्याएवढा, तो तलाठ्यासारखा सावकाश सगळ्या घराची पाहणी करून जातो. या सगळ्यांचं मला काही नाही. झाडूने लोटते आणि सोडून देते.

पण मुंग्या. आपल्याकडच्या मुंग्या मला कळतात हो, साखर सांडली की येतात, पुसली की जातात. इथल्या वेगळ्या. लांब पायांच्या, रेतीच्याच रंगाच्या, चालायला लागल्याशिवाय दिसतही नाहीत. आणि त्या कशालाही येतात. मेलेला पतंग, नखाचा तुकडा, काहीही. मी उंबऱ्यावर खडूच्या रेघा ओढल्या, भिंतीच्या कडेने पावडर टाकली, तुमच्या फडताळासारखे पलंगाचे पायसुद्धा पाण्याच्या वाट्यांत ठेवले. दत्ता म्हणाला, "आता मलाही वाटीत उभं कर."

आमच्याकडे फवारायला गनी म्हणून एक जण येतो, पेशावरचा. आवाज असा की शेजारच्या घरातली झुरळंही पळावीत. परवा दार उघडलं तर म्हणतो, "मॅडम, फिर से? पिछले हफ्ते ही तो आया था! अब तो कीडे मुझे नाम से पहचानते हैं." मी म्हटलं, तुम अपना काम करो. मागच्या अंगणात फरशी संपते तिथवर मारून झालं, तेव्हा मी म्हटलं, दीवार के बाहर भी मारो. तर म्हणाला, "बाहर तो रेगिस्तान है मॅडम. रेत में तो हर जगह चींटी है."

मी विचारलं, "ऊपर ऊपर ही ना?"

"ऊपर? नहीं मॅडम, बहुत नीचे तक. घर तो नीचे ही बनाती है. ऊपर सिर्फ घूमने आती है."

एवढंच बोलला बिचारा. मी तिथेच पायरीवर बसले. त्याला वाटलं मला औषधाचा वास चढला, धावत जाऊन पाणी आणलं.

आई, मी घरासाठी फवारत नाही.

मार्चमध्ये जी आली आणि दोन दिवस काचेच्या पेटीत राहून गेली, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. तुम्ही 'ते झालं तेव्हा' म्हणता. दत्ता 'हॉस्पिटलच्या वेळी' म्हणतो. माझी आई 'तो प्रसंग' म्हणते. मी काहीच म्हणत नाही, मी मुंग्या मारते.

एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. रीत आहे, मला माहीत आहे. मी तेव्हा वॉर्डात होते, टाके ओले होते. दत्ता आणि त्याच्या ऑफिसातला अंकुर तिला घेऊन गेले. निघण्याआधी तुमचा फोन आला. दत्ताला वाटलं मला झोप लागलीय. तुम्ही सांगत होतात, "मीठ घालायला विसरू नको, म्हणजे किडामुंगी लागत नाही. आणि तिला जागा दाखवू नको. आईला जागा दाखवली की तिचा जीव तिथेच अडकतो, मग पुढचं काही होत नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तुमची शपथ तो किती मानतो हे मी तुम्हाला काय सांगू? कॉलेजात तुम्ही शपथ घातलीत म्हणून आजपर्यंत मोटरसायकलला हात लावलेला नाही त्याने. मी रडून बघितलं, भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. त्याचं एकच उत्तर, "आईची शपथ आहे गं." मीठ तरी घातलंत ना, म्हणून विचारलं तर "हो" म्हणाला आणि उठून गाडी धुवायला गेला.

तुमचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, खूप आला होता. तुम्ही माझ्याच काळजीने बोललात हे कळत होतं, तरी आला.

आता नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही कायमचे तिकडे येतोय. प्रोजेक्ट संपला, व्हिसा कॅन्सल होईल. तुम्ही माडीवरच्या खोलीला रंग काढलात, भाऊजींनी फोटो पाठवला. छान झालाय. पण मी अजून एक बॅगसुद्धा खाली काढलेली नाही. ती कुठे आहे, भिंतीकडे की रस्त्याकडे, डोकं कुठल्या बाजूला आहे, यातलं काहीही माहीत नसताना मी विमानात कशी बसू? एकदा इथून गेले की मी पुन्हा कशाला येणार, आणि मला येऊ कोण देणार?

तुम्ही म्हणता जागा दाखवली की जीव अडकतो. जागा दाखवली नाही म्हणून माझा सगळीकडे अडकलाय, आई. अल क्वोजला गोदामांच्या मागे रेतीचा ढीग दिसला की वाटतं, इथे असेल का? जबल अलीच्या दिशेने वळताना रस्त्याकडेची रिकामी जागा दिसली की वाटतं, इथे? या देशात रेतीला काय तोटा! मग निदान माझ्या घराभोवतालच्या रेतीत तरी मुंगी नको, एवढंच मी करत बसते.

एकच मागते. लहानपणी कोणी शपथ घातली की आम्ही "सुटली म्हण, सुटली म्हण" करत त्याच्या मागे लागायचो. त्याने म्हटलं की खरंच सुटायची. घालणाऱ्यालाच ती सोडवता येते. तुम्ही दत्ताला फोन करा आणि तेवढा एक शब्द म्हणा. मला उत्तर लिहू नका, समजूत घालू नका. पुढचं काही झालं नाही तर मी तुम्हाला कधी बोल लावणार नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. 

तुमची सून
मृणालिनी



दुबई,
२६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई,

नमस्कार. परवा निघायचं. आम्ही येतोच आहोत, तरी दत्ताच्या ऑफिसातले एक जण आज रात्री रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या हाती हे उद्या तुम्हाला मिळेल. समोर बसून सांगायला मला जमणार नाही.

वीणाताईंनी पत्र दिलं त्याच दिवशी तुम्ही फोन केलात. दत्ता ऑफिसला निघत होता. "बरं" म्हणाला, परत "बरं आई" म्हणाला, आणि एक बूट पायात, एक हातात असा दारातच बसून राहिला. मग मला म्हणाला, "आईने सुटली म्हटलं." चाळिशीला टेकलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा म्हणाला हो. ऑफिसला कळवलं आणि आम्ही तसेच निघालो.

जबल अलीच्या पुढे स्मशान आहे. आत लहान मुलांचा वेगळा भाग आहे. तिथे इतकी मुलं असतील असं मला वाटलं नव्हतं. गाडीतून उतरताना मी पुन्हा विचारलं, मीठ नक्की घातलंत ना? तेव्हा त्याने डिकी उघडली. आत मिठाच्या पिशव्या, दमट हवेने दगड झालेल्या. त्या दिवशी त्याने आठवणीने विकत घेतल्या होत्या. पण ती त्याच्या हातात होती, म्हणून अंकुरने पिशव्या डिकीत टाकल्या, आणि तिथे पोचल्यावर दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. घरी आल्यावर त्याला आठवलं. म्हणाला, "परत उकरा असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो, मृणाल?" तुम्ही एवढं बजावलेलं आणि तेच राहिलं. हे त्याला तुम्हालाही सांगता आलं नाही आणि मलाही नाही. तुम्ही त्याला रागावू नका.

तो पुढे, मी मागे. मला वाटलं थांबेल, इकडेतिकडे बघेल, जागा शोधेल. त्याने काही शोधलं नाही. सरळ जाऊन उभा राहिला. छोटीशी जागा आहे, आई. आपल्या परसातला कोथिंबिरीचा वाफा असतो ना, तेवढी. कडेने गोटे लावलेत. आणि गोट्यांच्या बाहेरून, सगळ्या बाजूंनी, मुंग्यांची पांढरी पावडर घातलेली. ताजी होती.

मी त्याच्याकडे बघितलं तर मान खाली घालून म्हणाला, "शनिवारी भाजीला जातो ना, तेव्हा येतो. मुंग्या येतात गं."

मी घरात पलंगाच्या पायांना वाट्या लावत होते, तो माझी थट्टा करत होता, आणि तोच इकडे येऊन हे करत होता. एका घरात राहून दोघांना एकच भीती, आणि एकाने दुसऱ्याला पत्ता लागू दिला नाही. मी त्याला मारलं, आई. तुमच्या मुलाला पाठीत बुक्क्या घातल्या, जेवढ्या घालता आल्या तेवढ्या. त्याने घालू दिल्या. मग आम्ही दोघं तिथेच रेतीत बसून रडलो. मार्चपासून आम्ही एकत्र रडलोच नव्हतो.

नंतर ते मीठ दगडाने फोडलं आणि वरून पसरलं. इतक्या उशिरा त्याचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही माहीत आहे, काही नाही.

तेव्हापासून रोज जातोय. डोकं भिंतीच्या बाजूला आहे. सकाळी तिथे भिंतीची सावली असते. तुम्ही म्हणाला होतात ते खरं झालं, माझा जीव तिथे अडकला. पण आता तो तिथेच आहे, बाकी कुठल्या रेतीकडे बघून 'इथे असेल का' असं वाटत नाही. गनीला सांगितलं, आता येऊ नको. घरात मुंग्या फिरतात, फिरू दे. पावडरचे डबे होते ते अंकुरकडे दिलेत. "वहिनी, मी जात जाईन, इन्शाल्ला," म्हणाला. मनापासून म्हणाला. महिना दोन महिने जाईलही. मग त्याचं काम, त्याची मुलं, त्याची बदली. त्याला दोष देण्यात काय अर्थ?

व्हिसाचं काम झालं. सामान कार्गोने गेलं. काल शेवटचं जाऊन आलो. दत्ताला तिथून हलवणं मला फार जड गेलं, पण हलवलं.

आई, एक सांगायचं राहिलं. आम्ही विमानतळाकडे निघालो की दर वेळी तुमचा फोन येतो. सगळं घेतलंत ना, मागे काही राहिलं नाही ना, म्हणून विचारता. परवाही फोन करा. दोघांनाही तुमचा आवाज ऐकायचाय. फक्त या वेळी तेवढं विचारू नका.

तुमची
मृणालिनी