ताईच्या हातासाठी दाढ

३ फेब्रुवारी
आले एकदाची. नोकरी ताईनंच लावून दिली, राहायला तिच्या घरातली वरची खोलीही दिली. अपघातात तिच्या उजव्या हाताच्या नसा तुटल्या, तेव्हापासून तो नुसता लोंबतो. तरी माझी बॅग तीच ओढत होती. खालच्या मजल्यावर माझ्या नव्या साहेबांची, म्हणजे सरांची, प्रयोगशाळा. दाढेच्या गरातल्या स्टेम सेल्स, म्हणजे मूळ पेशी, वाढवून नसा पुन्हा उभ्या करायच्या, हे त्यांचं वेड. मी पेशींना खाऊ घालायचं: गुलाबी द्रव बदलायचा, बाटली भरली की अर्ध्या पेशी नव्या बाटलीत. मला साधी तुळस जगवता येत नाही, आणि हे!

८ फेब्रुवारी
ताईसाठी सख्ख्या नात्यातली दाढ हवी, असं सर म्हणाले. माझी अक्कलदाढ दिली काढून. तशीही कुठे वापरत होतीस, म्हणून ताईनं चिडवलं. गाल सुजलाय, पण मन खूश आहे.

२० फेब्रुवारी
माझ्या पेशी भराभर वाढताहेत. आज अर्ध्या नव्या बाटलीत घातल्या आणि उरलेल्यांचं सरांनी ताईला पहिलं इंजेक्शन दिलं. दुपारपासून माझी उजवी करंगळी बधिर आहे. थंड काचेनं होतं, इति सर.

२ मार्च
ताईची करंगळी हलली. आम्ही गळ्यात पडून रडलो. आज पुन्हा बाटली भरली, पुन्हा इंजेक्शन. माझं शेजारचं बोट गेलं. सुई टोचली, काहीच कळलं नाही.

११ मार्च
आता फक्त अंगठा उरलाय. जे बोट माझं जातं, ते ताईचं जागं होतं. ती टेबलावर बोटांनी ठेका धरते. तो ठेका माझा आहे.

१२ मार्च
ताईला विचारलं. दचकलीसुद्धा नाही. तिचा हात जागा होईल तसा माझा जाईल, हे सरांनी तिला आधीच सांगितलं होतं, म्हणूनच मला बोलावलं. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला. सगळ्या बाटल्या ब्लीचमध्ये ओतल्या.

१३ मार्च
उजव्या हातात आता पेन धरवत नाही, डाव्या हातानं लिहितेय. आईला फोन केला. ती म्हणाली, ताईला दोन मुलं आहेत गं, संसार आहे, तुझं अजून काय— तिलाही माहीत होतं. आईला.

१४ मार्च
आई आली. वाटलं, मला न्यायला. बॅग भरली— खाली आई सरांना विचारतेय, धाकटीच्या अजून किती दाढा आहेत. जिन्यावर पावलं— आई लाडानं हाक मारतेय, ये बाळा, दार उघड— कडी डाव्या हातानं लागत नाही, मी