सासूबाईंची वाकळ आणि माझा खोकला

८ सप्टेंबर, रात्री साडेअकरा
“ही वाकळ तुझी,” असं सासूबाई पंधरा वर्षांमागं म्हणाल्या होत्या. मी माझ्या कानांनी ऐकलं, एवढा पुरावा बास. उन्हाळ्यात त्या गेल्या. तेराव्यानंतर धाकट्या जावेसमोर, दैवशालासमोर, मी ट्रंकेतून वाकळ काढली अन् थेट माझ्या पलंगावर टाकली. तेव्हापासून बोलणं बंद. रोज तीच पांघरते. धुतली नाही. सासूबाईंचा वास जाईल.
खोकला मात्र थांबेना. दिवसा एक ठसका नाही, अंग टाकलं की सुरू. कारण उघड आहे. भिंतीपलीकडं दैवशाला रात्रीची फोडणी देते. मुद्दाम.
संकल्प: तिला सोडायचं नाही.

१० सप्टेंबर
तिच्या बाजूची खिडकी लावून फटीत चिंध्या कोंबल्या. खोकला दुप्पट. मिरच्या वाढवल्या असणार. हे म्हणाले, दैवशाला कालपासून माहेरी ढोकीला गेलीय, तिथून कशी फोडणी देईल? मी म्हणाले, तिचा काही नेम नाही.

१२ सप्टेंबर, पहाटे तीन
ह्यांनी अंथरूण ओसरीवर नेलं. म्हणाले, तुझ्या खोकल्यानं शेळीपण उठून बसलीय. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी वाकळ डोक्यावरून घेतली. आणखीच वाढला.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
ती परत आली. मी सुक्या मिरच्या तव्यावर टाकून शेगडी तिच्या दाराकडं सरकवली. वारं फिरलं. आमचंच घर खोकत बाहेर. दैवशालानं भिंतीवरून तांब्या पुढं केला. म्हणाली, “आक्का, आधी पाणी प्या, मग जाळा राहिलेल्या.”
घेतला नाही. मग घेतला. आभार मानले नाहीत.

१६ सप्टेंबर
लोहाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडं. जावेची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही. विचारलं, पांघरता काय? कधी धुतलं? म्हणाल्या, ती धूळ रोज छातीवर घेऊन झोपता. वाकळ धुवा. तरी थांबला नाही तर छातीचा फोटो काढू.
दैवशालानं डॉक्टरीणबाईंनाही गाठलेलं दिसतंय.

१८ सप्टेंबर
निव्वळ प्रयोग म्हणून वाकळ ट्रंकेत. रात्रभर एकदाही खोकले नाही. झोपही नाही. खोलीत कुणीच नसल्यासारखं वाटलं.
कुणाला सांगितलं नाही. दैवशाला जिंकेल.

२० सप्टेंबर, दुपार
घट बसायच्या आधी अंथरुणं धुतातच, म्हणून धरणाच्या पाण्यावर गेले. एकटीच. भिजल्यावर वाकळ म्हशीएवढी जड. एक टोक पिळावं तर दुसरं चिखलात. तिथं सासूबाईंचं वाक्य पुरतं आठवलं. “ही वाकळ तुझी अन् दैवशालाची. एकटीला पिळायची न्हाय ती.”
वाकळ दगडावर तशीच ठेवून घरी आले. दैवशाला दारात गहू निवडतेय. ती नाहीच म्हणणार. मीही तेच म्हणाले असते. तरी वही मिटते अन् जाऊन विचारते: दैवशाला, एक टोक धरतीस का?