भुरीच्या बाळंतपणाची पेटी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या सुतार भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दुखतो तो डावा की उजवा, हे आता मला आठवत नाही, तेव्हा दोघांचीही विचारपूस केली असं समज. इकडे मी, तुझी सूनबाई, मुलगी आणि भुरी कुत्री, सगळे मजेत आहोत. पत्राला खास कारण काही नाही. काम असल्याशिवाय हा मुलगा पत्र लिहीत नाही, असं तू आईला म्हणाल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम बिनकामाचं लिहितोय.

तर झालं असं, की कोपऱ्यावरचा बेकरीवाला मोडकं स्टूल घेऊन माझ्या कारखान्यात आला. भुरी नेहमीप्रमाणे भुशाच्या ढिगावर ऐसपैस पसरली होती. त्यानं तिचे कान खाजवले आणि म्हणाला, "हिला पिल्लं झाली, तर एक माझं हां." बस्स. एवढ्या एका वाक्यावर अर्ध्या गल्लीनं पिल्लं सांगून ठेवली. शिंप्याला मादीच हवी होती, समोरच्या मास्तरीणबाईंना शांत स्वभावाचं हवं होतं (भुरीचा स्वभाव त्यांनी रोज ऐकूनही), आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना उरेल ते चालणार होतं, फक्त रंग आईचा हवा होता. मीही हुरळलो. अशा वेळी शहाणा माणूस जनावरांच्या डॉक्टरकडे जातो. मी टेप काढली आणि भुरीचं माप घेतलं.

आमच्या धंद्याची ही खोडच आहे. प्रश्न पडला की विचार करायच्या आधी लाकूड कापायचं. (आमची मुलगी जन्मायच्या आधीच मी तिचं अभ्यासाचं टेबल करून ठेवलं होतं, ते तू पाहिलंच आहेस. त्यावर अजून इस्त्रीच होते.) मी भुरीसाठी बाळंतपणाची पेटी करायला घेतली. एका गिऱ्हाइकाच्या कपाटातून उरलेलं सागवान वापरलं. कुठे खिळा म्हणून नाही, सगळे कोपरे खाचा पाडून बसवलेले आणि सरसानं चिकटवलेले. आईच्या अंगाखाली पिल्लू चेंगरू नये म्हणून आतून कडेनं पट्टी बसवली, आणि वारा लागू नये म्हणून दार अगदी भुरीच्या मापाचं ठेवलं. पेटी अशी झाली की बघणारा म्हणे, यात मीच झोपतो. आता इतकी देखणी पेटी रिकामी कशी ठेवणार? त्यामुळे पिल्लं हवीत की नकोत हा प्रश्न घरात कोणी काढलाच नाही. कधी, एवढाच उरला.

आणि 'कधी'वरून जे रण माजलं म्हणतेस! मुलीला परीक्षेनंतर पिल्लं हवी होती. तुझ्या सूनबाईला परीक्षेच्या आधी, कारण नंतर तिला माहेरी जायचं होतं. मला कामाची गर्दी नसताना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिघांच्या तीन रंगांच्या खुणा झाल्या. भुरीला कोणी विचारलं नाही, आणि तिनं आमच्या एकाही खुणेला भीक न घालता, स्वतःच्या सोयीनं, भलत्याच आठवड्यात माजावर यायचं ठरवलं.

मग धावपळ. बेकरीवाल्याचा कुत्रा, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याला समारंभानं आणण्यात आलं. तेवढ्यात माझ्या कारागिरानं पलीकडे मशीनची करवत सुरू केली. त्या आवाजानं पैलवानाची अशी गाळण उडाली, की तो समोर दिसलेल्या पेटीत शिरला. शिरला खरा, पण दार होतं भुरीच्या मापाचं. बाहेर येता येईना. आतून पैलवान रडतोय, बाहेरून बेकरीवाला "बाळा, बाळा" करतोय, आणि भुरी दारासमोर बसून दोघांवर गुरगुरतेय. पावाचं आमिष दाखवलं. त्यानं पाव खाल्ला आणि आणखी आत सरकला. शेवटी फळी काढायला गेलो, तर माझाच जोड माझ्याच्यानं सुटेना. आपलं काम इतकं चांगलं असल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. हातकरवतीनं पेटी कापावी लागली. पैलवान बाहेर आला तो थेट घरी गेला. भुरीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर, म्हणजे सगळ्यात आधी जायला हवं होतं तिथे सगळ्यात शेवटी, आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भुरीचे मागचे पाय वाकवून पाहिले, एक्स-रे काढला. खुब्याचे सांधे सैल आहेत म्हणाल्या, ते पिल्लांतही उतरायचे. शिवाय पहिल्या बाळंतपणाचं वय उलटून गेलंय, तिच्या जिवावर बेतू शकतं. मी म्हटलं, "पण बाई, सगळ्यांनी पिल्लं सांगून ठेवलीत." त्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं राहू दे. तुम्हाला का हवीत?"

मावशी, भुरीचं तोंड पांढरं व्हायला लागलंय गं. उद्या ती गेली तर निदान तिचं काहीतरी घरात असावं, एवढंच माझ्या मनात होतं. परतताना तुझी सूनबाई म्हणाली, "अहो, तिची पोर झाली तरी ती भुरी थोडीच असणार? आहे तिला जपा ना." खरं होतं. तिथेच निर्णय झाला, पिल्लं नकोत. गल्लीला सांगितलं. शिंपी म्हणाला, "कसली पिल्लं?"

तर असा हा आनंद आहे. सगळ्यांना नमस्कार, आईला माझी खुशाली सांग.

तुझा भाचा

ता. क. पुन्हा असा घोळ नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी भुरीचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलंय. साधं असतं म्हणे, संध्याकाळी घरी. मी ठामपणे हो म्हणालो.

आणखी ता. क. ठरलेला दिवस मी आत्तापर्यंत दोनदा मोडलाय. पहिल्यांदा भुरीला सर्दी झाल्याचं कळवलं, दुसऱ्यांदा मला. आता सूनबाईनं फोन स्वतःच्या ताब्यात घेतलाय आणि येत्या सोमवारचं नक्की केलंय. तू उभा जन्म सूतिकागृहात नर्स म्हणून काढलास, बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं कशी सांभाळायची ते तुला ठाऊक आहे. रविवारीच ये, मी न्यायला येतो. भुरीला धरायला घरात दोघी आहेत. मला धरायला कोणी नाही.